आवाज येतो, शब्द येत नाहीत

या सदरात आम्ही घरात येणाऱ्या वस्तूंबद्दल लिहितो. शिलाई मशीन झालं, पाण्याचं फिल्टर झालं, मागच्या उन्हाळ्यात कूलर झाला. पद्धत ठरलेली आहे. वस्तू काही दिवस वापरायची, घरातल्या लहानथोरांना विचारायचं आणि मगच कागद-पेन घ्यायचं. या वेळची वस्तू जरा शौकाची आहे: जमिनीवर उभे राहणारे मोठे हाय-फाय स्पीकर. दुकानदार त्यांना ‘टॉवर’ म्हणतात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही जाहिरात नाही. आणि या वेळी वस्तू आमच्याच घरातली आहे, म्हणून निकाल लिहिताना हात जरा जड झाला.

आमचं मूळ घर तेल्हाऱ्याचं. अकोल्याहून अकोटमार्गे एसटीने जायचं, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसू लागली की गाव आलंच समजायचं. तिथे अब्बा, थोरले भाईजान, भाभी आणि मुलं राहतात. भाईजानचा मोठा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याला पहिला बोनस मिळाला, आणि त्याने कोणालाही न विचारता दादांसाठी स्पीकरची जोडी, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि एक जुना पण चालू कॅसेट डेक आणला. सगळे मिळून सत्तर हजारांच्या घरात. त्याचा हिशोब साधा होता. दादांना कमी ऐकू येतं. छोट्या रेडिओचा आवाज पुरत नाही. मग मोठा आवाज आणू.

अब्बांचं वय सत्त्याहत्तर. त्यातली तीस वर्षं जिनिंगमध्ये गेली. कपाशीचा हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून होळीपर्यंत जिनांच्या रांगेशेजारी उभं राहायचं. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे, आणि मधे अखंड घरघर. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असं धरतात. रोज आठ तास, वर्षानुवर्षं तेवढ्या आवाजात राहिलं की कान झिजतात. त्या काळी जिनिंगमध्ये कानात बोळा घालणाऱ्या माणसाला लोक हसत.

पुतण्याचा फोन आला, “चाचू, चाची, तुम्ही लिहिता ना वस्तूंवर? येऊन ऐका. दुकानदार दहा दिवसांत परत घेतो म्हणतो, थोडे पैसे कापून. ठेवायचे की नाही ते तुम्ही सांगा.” आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसलो.

उभा स्पीकर म्हणजे काय

ज्यांच्या घरी हे नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो, म्हणजे लोहचुंबकात तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, त्याचा आजचा आराखडा अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये मांडला. शंभर वर्षं झाली, मूळ कल्पना तीच आहे. वेटोळ्यातून वीज गेली की शंकू पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो.

आता हवा किती ढकलायची, हे आवाजावर अवलंबून असतं. सेकंदाला ५० कंपनांच्या खर्जाची एक लाट हवेत जवळजवळ ७ मीटर लांब असते. ५,००० कंपनांच्या बारीक आवाजाची लाट जेमतेम ७ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं. खर्ज काढायला मोठा शंकू आणि मोठी पेटी लागते, बारीक आवाजाला रुपयाएवढा घुमट पुरतो. म्हणून टॉवरमध्ये कामं वाटून दिलेली असतात. खाली वूफर, मधे आवाजाच्या मधल्या पट्टीसाठी वेगळा शंकू, वर ट्वीटर. पेटी उंच केल्यामुळे तिच्यात हवा जास्त मावते, आणि जमिनीवरची जागा मात्र स्टुलावरच्या छोट्या स्पीकरएवढीच अडते.

आपल्या घरांत हे नवीन असलं तरी आवाजाचा शौक नवीन नाही. मर्फीच्या, बुशच्या रेडिओवर क्रोशाचं कव्हर असायचं. मग आखातातून येणारे नातेवाईक टू-इन-वन आणू लागले. ज्यांची ऐपत होती त्यांच्याकडे मुंबईच्या कॉस्मिकचा किंवा कोलकात्याच्या सोनोडाइनचा सेट दिसायचा. सोनोडाइन तर १९७० पासून स्पीकर बनवते. लग्नाच्या मांडवातला भोंगा आणि घरातला हाय-फाय यांतला फरक लोकांना तेव्हाही कळत होता. भोंगा लांब पोहोचण्यासाठी असतो, हाय-फाय जवळ बसून ऐकण्यासाठी.

पहिली रात्र

आमच्या बैठकीची खोली बारा बाय पंधरा फूट. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, भिंतींना सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, एका बाजूला लोखंडी कपाट, त्याच्या शेजारी काचेच्या भांड्यांचं शोकेस. पुतण्याने दोन्ही टॉवर दोन कोपऱ्यांत भिंतीला टेकवून उभे केले होते. मधोमध टीव्ही. दिसायला झकास.

इशाच्या नमाजनंतर सगळे जमले. आधी बातम्या लावल्या. निवेदकाचा आवाज असा आला, जणू तो विहिरीत बसून बोलत आहे. मग तबला लावला, उस्ताद झाकिर हुसेन यांचा. डग्ग्याच्या पहिल्या थापेला शोकेसमधले पेले किणकिणले, कपाटाचं दार थरथरलं. लहान पोरं खूश झाली. भाभी म्हणाल्या, “डोकं उठलं.” अब्बा गादीवर लोडाला टेकून बसले होते. त्यांनी नातवाकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, “छान हाय रे बावा. लय मोठा आवाज हाय.”

पुतण्या खूश होऊन झोपला. आम्हाला मात्र झोप आली नाही. दुकानात ऐकताना याच स्पीकरचा आवाज साफ होता, असं तो शपथेवर सांगत होता. मग घरी काय बिघडलं?

दोन दिवसांची खटपट

सकाळी आम्ही पहिलं काम केलं ते म्हणजे खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी संपल्यावर भिंतींतून झणझण उरली. पाया न घातलेल्या मोकळ्या घरात बोलल्यासारखं. फरशी, स्लॅब आणि गिलावा, तिन्ही आवाजाला आत घेत नाहीत, परत फेकतात. स्पीकर एकदाच बोलतो आणि खोली त्यावर चारदा बोलते.

दुसरं कारण कोपरा. स्पीकर भिंतीशी गेला की खर्ज वाढतो, कोपऱ्यात गेला की आणखी वाढतो. शिवाय प्रत्येक खोलीची स्वतःची एक घूम असते. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ती सेकंदाला साधारण ४७ कंपनांवर येते. डग्ग्याची थाप त्या आसपास गेली की स्पीकर नाही, अख्खी खोलीच वाजते.

तिसरं कारण बसण्याचं. हे स्पीकर सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी केलेले असतात. ट्वीटर जमिनीपासून सव्वातीन फुटांवर होता आणि गादीवर बसलेल्या अब्बांचा कान अडीच फुटांवर. बारीक आवाज ट्वीटरच्या अगदी समोर सगळ्यात साफ असतो, वरखाली सरकलं की तो मंद होतो. आपल्याकडे निम्मी घरं आजही खालीच बसतात, याचा विचार बनवणाऱ्याने केलेला नव्हता.

आणि चौथं कारण पाहून पुतण्या लाजला. एका टॉवरच्या मागे लाल वायर काळ्या जागी आणि काळी लाल जागी लागली होती. असं झालं की एक शंकू हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. मधला आवाज विरघळून जातो. दुकानाची चूक नव्हती, घाईत घरीच झालेली होती.

वायर नीट केली. टॉवर कोपऱ्यांतून काढून भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे आणले, दोघांत सात फूट अंतर ठेवलं, आणि तेवढ्याच अंतरावर तिसऱ्या टोकाला अब्बांची गादी. स्पीकरच्या पुढच्या पायांखालचे खिळे कमी करून ते किंचित पुढे झुकवले, म्हणजे ट्वीटरचं तोंड खाली आलं. (लहान मुलांच्या घरात हे करताना जपा. एक टॉवर वीस किलोचा होता. तो मागून भिंतीला पट्टीने बांधून घेतला.)

राहिली झणझण. बाजारात त्यासाठी फोमच्या महागड्या चौकटी मिळतात. आम्ही तेल्हाऱ्यात होतो, कापसाच्या मुलखात. भाभींनी पलंगपेटीतल्या सगळ्या रजया काढल्या. दोन जाड रजया स्पीकरच्या मागच्या भिंतीवर दोरीने टांगल्या, दोन गाद्या बाजूच्या भिंतींना उभ्या टेकवल्या, फरशीवर सतरंजी आणि तिच्यावर दरी. पातळ पडदा फक्त बारीक आवाज गिळतो, जाड गादी मधले आवाजही गिळते. गंमत अशी की टॉवरच्या पेटीतही आतून तसलंच काहीतरी भरलेलं असतं, पेटीच्या आतली झणझण मारायला.

पुन्हा टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली.

आता काय ऐकू आलं

आता खरे ऐकीव अनुभव. गाण्यांबद्दल घराघरांत वेगळं मत असतं, तो विषय आज नाही. ज्या घरात जे चालतं ते तिथे लावावं. आमच्या घरात जे चाललं ते सांगतो.

बातम्यांचा निवेदक विहिरीतून बाहेर आला आणि दोन टॉवरच्या बरोबर मधे, जिथे नुसती टांगलेली रजई होती, तिथे बसला. डोळे मिटले तर माणूस तिथे आहे, उघडले तर नाही. लहान पुतणी उठून रजईमागे पाहून आली.

तबल्यात आता डग्ग्याची थाप आणि थापेनंतर मनगट दाबून सरकवलेली गुंज वेगवेगळी कळली. खर्ज कमी झाला होता पण त्याला आकार आला होता. पेले गप्प होते. छोट्या रेडिओवर डग्गा नसतोच, नुसती चाटी वाजते आणि डग्गा आपण मनाने भरून घेतो, हे त्या दिवशी कळलं.

मग उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची जुनी ध्वनिमुद्रणं लावली. मिरजेला राहिलेला हा किराणा घराण्याचा गवई १९३७ मध्ये गेला, म्हणजे मुद्रणं त्याच्या आधीची, तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवरची. टॉवरने इथे काहीच जादू केली नाही. खरखर होती तेवढी आली, खर्ज मुळात नव्हता तो आला नाही. पण आवाजाची बारीक सुरेल तार तशीच उभी राहिली. मुद्रणात जे नाही ते कुठलाही स्पीकर देऊ शकत नाही. दुकानदार ‘जुन्या गाण्यांना नवा जीव’ म्हणाला तर हसून सोडून द्या.

संध्याकाळी पुतण्याने शेख अब्दुल बासित यांची किरअत लावायला घेतली. अब्बांनी हात वर केला. “आवाज पाहासाठी लावून राह्यला का? मंग नको. ऐकाची असंल तं लाव.” पुतण्याने सगळे फोन बंद करायला लावले, बाकीची उठाठेव थांबली, आणि मग लावली. त्याच्याबद्दल इथे गुण-दोष लिहीत नाही. इतकंच सांगतो की एका श्वासाच्या शेवटी जी शांतता येते, ती आम्ही पहिल्यांदा इतकी पूर्ण ऐकली.

आवाज किती ठेवायचा याचाही हिशोब घातला. आमची मागची भिंत शेजाऱ्यांची आणि आमची एकच आहे. पलीकडे बारावीची परीक्षा देणारी मुलगी आहे. आम्ही पलीकडे जाऊन बसलो आणि इकडे स्पीकर लावायला सांगितला. शब्द एकही ऐकू आला नाही, सूर नाही, पण धप्प-धप्प मात्र भिंतीतून सरळ आली. रजई बारीक आवाज अडवते, खर्ज भिंतीतून चालत जातो. ज्याला शेजारी ‘तुमची गाणी’ म्हणतो, ते त्याच्यासाठी गाणं नसतंच, नुसता ठोका असतो. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या नियमांतली मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. पण शेजाऱ्याचा हक्क दहा वाजता सुरू होत नाही. त्या मुलीला आम्ही तिच्या अभ्यासाच्या वेळा विचारून घेतल्या आणि त्या वेळी खर्जाचं बटण खाली ठेवायचं ठरवलं.

एवढं झाल्यावर आमचा निकाल तयार होता. स्पीकर उत्तम आहेत, खोली सुधारली, ठेवून घ्या. लेख तिथेच संपला असता.

कॅसेट

मग भाईजाननी कपाटातून ती कॅसेट काढली.

अम्मींना जाऊन सहा वर्षं झाली. १९९४ च्या हिवाळ्यात भाईजाननी टेपरेकॉर्डरवर त्यांचा आवाज भरून ठेवला होता. रात्री सगळी मुलं रजईत आणि अम्मी शेखचिल्लीची गोष्ट सांगत आहेत. वीस मिनिटांची कॅसेट आहे. दर ईदला आम्ही ती लावतो. मधे एक जागा आहे, तिथे सगळे हसतात. अब्बाही हसतात.

टॉवरवर ती लावली आणि आम्ही थक्क झालो. इतक्या वर्षांत कधी न ऐकलेलं त्यात होतं. लांब कुठेतरी पिंजाऱ्याच्या पिंजणाची तार, टँव टँव. हिवाळ्यात आमच्या गल्लीत गाद्या पिंजायला तो यायचा, उशिरापर्यंत काम चालायचं. बकरीच्या गळ्यातली घंटा. अम्मींच्या हातातल्या बांगड्या. आणि गोष्टीच्या मधे मागून कोणीतरी विचारतं, “काय म्हनलं?” तो अब्बांचा आवाज होता, तरुण.

त्याच्यानंतरच ती हसण्याची जागा येते. अम्मी म्हणतात, “तुमच्या अब्बाले नका इचारू. त्यायचे कान जिनिंगातच राह्यले, घरी नुसतं अंग येते.” टेपवरची मुलं हसतात. बैठकीतले आम्ही हसलो. अब्बाही हसले.

लहान पुतणीने सहज विचारलं, “दादा, दादी काय म्हणाली?”

अब्बा नुसतेच तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तुमी हासता म्हून मी हासतो, बेटी. आवाज येते. शबद नाही येत.”

पुतण्याने घाईने आवाज वाढवला. अब्बांनी कानांवर हात ठेवले. “वरडू नको देऊ त्याले. दुखते.” त्याने कमी केला. “आता नाही येत.” मोठा आवाज दुखायचा आणि लहान येत नव्हता, मधली जागा फारच अरुंद राहिली होती. पहिल्या रात्री ‘छान हाय’ म्हणाले ते नातवाच्या तोंडाकडे पाहून.

आम्ही दोन दिवस भिंती, कोपरे आणि वायरी तपासत होतो. ज्या कानांसाठी हे सगळं आणलं ते कान तपासायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

कानाचा कागद

अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे. सहाव्या दिवशी अब्बांना तिकडे नेलं. आधी कानात मळ आहे का ते पाहिलं, कारण कधीकधी दोष तेवढाच असतो. मग बंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. सेकंदाला २५० कंपनांपासून ८,००० पर्यंत वेगवेगळे बारीक-जाड स्वर, हळूहळू कमी करत. ऐकू आला की बटण दाबायचं. शेवटी कागदावर एक रेघ मिळाली.

त्या कागदावर डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. अब्बांची रेघ डावीकडे बरी होती. २,००० च्या पुढे ती सातपुड्यावरून सपाटीकडे उतरावं तशी खाली गेली होती. वय झालं की बारीक आवाज आधी जातात. यंत्रांच्या घरघरीने कान गेले असतील तर पहिला घाव बहुतेक ४,००० च्या आसपास बसतो. अब्बांच्या कानांवर दोन्ही घाव होते.

आता शब्द कशाचे बनतात ते पाहा. अ, आ, ओ हे स्वर जाड आवाजात राहतात, बोलण्याचा जोर त्यांच्यात असतो. स, श, फ, ख, त ही व्यंजनं बारीक आवाजात राहतात आणि शब्दाचा अर्थ त्यांच्यात असतो. त्या गेल्या की ‘सात’ आणि ‘हात’ सारखेच येतात. म्हणून माणूस म्हणतो, ऐकू येतं पण कळत नाही. घरचे म्हणतात, ‘अब्बांना हवं तेवढंच ऐकू येतं.’ आमच्या घरातही हे वाक्य म्हटलं गेलेलं आहे. आम्हीच म्हटलेलं आहे.

आणि टॉवरचं कौतुक कशाचं? डग्ग्याचा आकार, खर्जाची भर. म्हणजे पुतण्याने सत्तर हजार देऊन अब्बांना तेच आणखी दिलं, जे त्यांना आधीपासून ऐकू येत होतं. स्पीकर खोटा नव्हता. इलाज दुसऱ्याच दुखण्याचा होता.

निकाल शेवटी पुतण्यानेच दिला. नवव्या दिवशी टॉवर आणि अ‍ॅम्प्लिफायर खोक्यात भरले. दुकानदाराने ठरल्याप्रमाणे थोडे पैसे कापून बाकीचे परत दिले. त्यात दोन्ही कानांची श्रवणयंत्रं आली, त्या कागदावरच्या रेघेप्रमाणे बसवलेली: जाड आवाज जवळजवळ तसेच, बारीक आवाज वर. उरलेल्या पैशांत स्टुलावरची छोटी स्पीकर जोडी आली, आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेली. कॅसेट डेक ठेवला. कॅसेटची नक्कल फोनमध्ये करून घेतली, कारण टेप कायम टिकत नाही. रजया भिंतीवरच आहेत. त्यांनी बोलणंही साफ ऐकू येतं, टीव्हीही.

घेणाऱ्यांसाठी

ज्यांना टॉवर घ्यायचेच आहेत त्यांनी जरूर घ्यावेत. खोली मोठी असेल, भिंत शेजाऱ्याची नसेल, ऐकण्याचा शौक असेल तर ती वस्तू आयुष्यभर साथ देते. जाताना आपल्या ओळखीच्या माणसाच्या आवाजाचं मुद्रण घेऊन जा. तो आवाज खरा कसा आहे हे दुकानदाराला नाही, तुम्हाला माहीत असतं. घरी जसे बसता तसेच दुकानात बसा, खाली बसत असाल तर खाली. वॉटच्या आकड्याला भुलू नका. ५० चे १०० वॉट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. वायर विजेच्या दुकानातली साधी तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची पुरते. आणि दहा फुटांची खोली असेल तर छोटीच जोडी बरी.

पण घरातल्या कोणासाठी तुम्ही मोठा आवाज विकत घेत असाल, तर आधी त्यांचा कान तपासून घ्या. ज्येष्ठांची ऐपत नसेल तर २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीच्या वरच्या गरजूंना श्रवणयंत्रासारखी साधनं शिबिरांतून मोफत देतात, चौकशी करा. यंत्र मिळालं की पहिल्याच दिवशी चमत्कार होत नाही. अब्बांना पहिले आठ दिवस भांड्यांचा आवाज टोचत होता, ते यंत्र काढून ठेवत होते. भाभींनी रोज एकेक तास वाढवत सवय लावली. दोन महिने लागले.

मागच्या जुम्माला आम्ही पुन्हा तेल्हाऱ्याला गेलो होतो. रात्री अब्बांनी स्वतःच कॅसेट मागितली. छोट्या स्पीकरवर पिंजाऱ्याची तार ऐकू आली नाही, बकरीची घंटाही नाही. अम्मी बोलत होत्या. ती जागा आली. टेपवरची मुलं हसली. या वेळी बैठकीत आम्ही कोणी हसलो नाही, सगळे अब्बांकडे पाहत होतो.

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खरं बोलून राह्यली व्हती.” आणि थोड्या वेळाने, भाईजानकडे वळून, “तवाच तुमाले समद्यायले मालूम व्हतं. मंग कोनी दवाखान्यात काहून नाही नेलं मले?”

यावर भाईजानकडे उत्तर नव्हतं, आमच्याकडेही नाही. तीस वर्षं आम्ही ज्यावर हसत होतो, तो आजार होता.

भाईजानही आता टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. पुढच्या महिन्यात या सदरात मिक्सर.